जलशीर्ष बालक आणि मठाचे कर्तव्य

(मठाच्या वर्धापनोत्सवात अमरगोळ येथे भक्तमंडळींपुढे झालेले व्याख्यान)



वर्धापनोत्सवाच्या व्यासपीठावरून वेदान्त, भक्ती अथवा सत्पुरुषांची चरित्रे ऐकण्याची आपणा सर्वांस सवय आहे. आजचा विषय ऐकून काही जणांस नवल वाटेल. तान्ह्या बालकांच्या मस्तकात पाणी साचण्याचा जो रोग आहे, ज्यास वैद्यकात जलशीर्ष म्हणतात, त्यावरील शस्त्रक्रिया हा आजचा विषय आहे. मठाचा या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. मूल जन्मले की बारशानंतर आई त्यास प्रथम घेऊन येते ती मठाच्या पायरीशी. जावळ काढण्यास येते ती देवाच्या दारी. आणि त्याच्या मस्तकावर काही विपरीत दिसू लागले, तर पुष्कळदा रुग्णालयाच्या आधी येते तीही येथेच. अशा वेळी तिला येथे काय सांगितले जाते, यावर त्या बालकाचे सारे आयुष्य अवलंबून असते.

तान्ह्या मुलाच्या मस्तकाच्या मध्यभागी जो मऊ भाग हातास लागतो, त्यास मराठी घरात टाळू म्हणतात व कन्नड घरात नेत्ती म्हणतात. आजी रोज त्यावर तेल घालते, टाळू भरली की नाही ते पाहते. ही रीत मोठी शहाणपणाची आहे. कारण घरातील एक अनुभवी हात रोज बालकाच्या मस्तकावरून फिरत असतो. ह्या हातास काय शोधावयाचे ते नीट समजले, तर एका भयंकर रोगाची वर्दी सर्वांत आधी त्यालाच लागेल.

मेंदूच्या पोटात चार लहान पोकळ्या आहेत. त्यांत अहोरात्र एक स्वच्छ, रंगहीन द्रव पाझरत असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर निर्माण होतो. परंतु एका वेळी असणारा त्याचा साठा सुमारे १५० मिलिलिटर एवढाच असतो. म्हणजे दिवसातून तीन वेळा जुने पाणी जाऊन नवे येते. हा द्रव एका पोकळीतून दुसरीत जातो, तिसऱ्या व चौथ्या पोकळीमधील अरुंद नालीतून खाली उतरतो, मेंदू व पाठीचा कणा यांभोवती पसरतो आणि अखेर रक्तात शोषला जातो. विहिरीचा झरा चालू आहे व पाटही मोकळा आहे, तोवर विहीर काठोकाठ भरून फुटत नाही. परंतु पाट तुंबला व झरा मात्र थांबला नाही, तर काय होईल हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

मस्तकात तेच घडते. क्वचित ती अरुंद नाली जन्मतःच बंद असते. क्वचित पाठीच्या कण्याच्या सदोष रचनेबरोबर हा रोग येतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, किंवा मेंदूच्या आवरणास दाह झाला, तरीही मार्ग बुजतात. आपल्या देशात क्षयामुळे होणारा आवरणदाह हे त्याचे एक मोठे कारण आहे. पाणी वाढते, पोकळ्या फुगतात आणि भोवतालचा कोवळा मेंदू कवटीच्या भिंतीकडे दाबला जातो. बालकाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्यामुळे मस्तक मोठे होत जाते. प्रौढाची कवटी मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे त्याचा त्रास तत्काळ प्रकट होतो. बालकाच्या बाबतीत मात्र वाढत्या मस्तकाच्या आड मेंदूचा नाश गुपचूप चालू राहतो.

येथे समाजाची एक मोठी चूक घडते. मोठ्या मस्तकाचे बालक जन्मले की कोणी त्यास गणपतीचा अवतार म्हणतो व त्यापुढे नारळ ठेवतो. तर कोणी त्यास मागील जन्मीच्या पापाचे फळ मानून आतल्या खोलीत लपवितो. एकाने पूजा केली व दुसऱ्याने तिरस्कार केला, तरी बालकाच्या वाट्यास येते ते एकच: विलंब. एका घरी नवस बोलण्यात तीन महिने जातात, दुसऱ्या घरी लोकलज्जेत सहा महिने जातात. तेवढ्या अवधीत जो मेंदू दाबला गेला, तो पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेने पूर्ववत होईल अशी खात्री देता येत नाही.

संस्कृत विद्येच्या उपासकांकडून ह्यावर दोन आक्षेप येऊ शकतात. त्यांचा विचार येथे करणे अवश्य आहे. पहिला आक्षेप मर्मांचा. आयुर्वेदात १०७ मर्मे सांगितली असून हृदय, बस्ती व शिर ही त्यांत प्रधान गणली आहेत. मस्तकाच्या माथ्यावरील अधिपती मर्मास आघात झाल्यास सद्यः प्राणहानी होते असे सुश्रुताचे मत. मग त्या मस्तकास शस्त्र कसे लावावे? याचे उत्तर सुश्रुतसंहितेच्याच अंतरंगात आहे. मर्मांचे ज्ञान शस्त्रवैद्यास दिले आहे ते शस्त्र टाकून देण्यासाठी खास नव्हे. कोठे हात आवरावा व कोठून मार्ग काढावा, हे त्याने जाणावे म्हणून ते दिले आहे. जलोदराच्या चिकित्सेत तोच सुश्रुत व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने उदरास छिद्र पाडून नळीने पाणी काढावयास सांगतो, आणि ते सर्व एकाच दिवशी काढू नये, क्रमाक्रमाने काढावे, अशी ताकीद देतो. साचलेले पाणी काढणे हितकर, परंतु एकदम काढणे घातक, हे तत्त्व त्याने जाणले होते. मस्तकातील पाण्यासाठी आजची नळी त्याने सांगितली होती, असे मात्र कोणी म्हणू नये. जे ऋषींनी सांगितले नाही ते त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. बालकाचे भोग आहेत, ते भोगूनच संपावयाचे, असे म्हटले जाते. परंतु पायात काटा रुतला असता प्रारब्ध म्हणून तो कोणी तसाच ठेवीत नाही. रोग प्रारब्धाने आला असेल, तर त्याच बालकास ह्या काळात, औषधालयापासून काही कोसांच्या अंतरावर जन्म मिळाला, हेही प्रारब्धच होय. एक प्रारब्ध मानावे व दुसरे नाकारावे, हा कोठला न्याय?

आता चिकित्सेकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ह्या रोगापुढे जगातील सर्व वैद्य हतबल होते. सुई टोचून पाणी काढीत, ते पुन्हा साचे. १९१० साली शिकागोच्या लेस्पिनास नावाच्या शल्यविशारदाने मूत्रमार्ग तपासण्याच्या दुर्बिणीने दोन तान्ह्या बालकांच्या मेंदूच्या पोकळीत प्रवेश केला व द्रव पाझरविणारा भाग जाळला. एक बालक दगावले, दुसरे काही वर्षे जगले. १९२३ साली बोस्टनच्या मिक्स्टर यांनी तशाच दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून पाण्यास नवा मार्ग करून दिला. त्या काळच्या दुर्बिणी व दिवे ओबडधोबड असल्याने ही वाट लवकरच ओस पडली.

मग नळीचा मार्ग पुढे आला. १९४९ साली फिलाडेल्फियात नल्सन व स्पिट्झ यांनी मेंदूच्या पोकळीतून मानेच्या शिरेपर्यंत झडपयुक्त नळी बसविली. झडप अशी हवी की पाणी एकाच दिशेने जावे, ठरावीक दाबानंतरच जावे, आणि वर्षानुवर्षे शरीरात राहूनही ती बिघडू नये. ह्या कोड्याचे उत्तर एका बापाने शोधले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. जॉन होल्टर हा त्याच शहरातील एका कुलपांच्या कारखान्यातील यंत्रकारागीर. १९५५ च्या अखेरीस त्यास जो मुलगा झाला, त्याच्या पाठीच्या कण्यात दोष होता व मस्तकात पाणी साचू लागले होते. स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेऊन होल्टरने आपल्या हातच्या कारागिरीने सिलिकोनची झडप तयार केली. १९५६ सालापासून ती बालकांच्या शरीरात बसू लागली. त्याचा स्वतःचा मुलगा बालपणीच गेला. परंतु त्या झडपेने जगभरच्या सहस्रावधी बालकांना आयुष्य दिले.

अशीच दुसरी कथा. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाच्या बाबागाडीस मोटारीचा धक्का लागला आणि मस्तकाच्या इजेतून पाणी साचू लागले. बसविलेली नळी पुनःपुन्हा तुंबे. डाल यांनी लहान विमानांच्या प्रतिकृतींची यंत्रे करणारे स्टॅन्ली वेड व लंडनचे शल्यविशारद केनेथ टिल यांस एकत्र आणले. १९६२ साली त्यांची झडप तयार झाली, तेव्हा डाल यांच्या मुलास तिची गरज उरली नव्हती. तिघांनी तिच्यापासून नफा घ्यावयाचा नाही असे ठरविले. निष्काम कर्म ह्या शब्दाचा अर्थ आपण येथे नित्य ऐकतो. त्याची उदाहरणे दूरदेशीही सापडतात, हे जाणून समाधान वाटावे.

आज जी शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ आहे, तीत नळीचे एक टोक मेंदूच्या पोकळीत व दुसरे पोटाच्या आवरणात असते. हिला वैद्यमंडळी शंट म्हणतात. कानामागे लहानसा छेद, पोटावर दुसरा लहानसा छेद, आणि मधली नळी कातडीखालून नेलेली, एवढाच तिचा बाह्य आकार. कवटीस एका बारीक छिद्रापेक्षा अधिक काही करावे लागत नाही. पोटात नळीची लांबी मुद्दाम जास्त सोडतात. मूल वाढेल तशी ती उलगडत जाते. पोटात आलेले पाणी शरीर आपोआप शोषून घेते. अलीकडे हे काम अधिकच सुकर झाले आहे. टाळू उघडी असेतो तिच्यावरूनच ध्वनिलहरींच्या यंत्राने आतील पोकळ्या दिसतात. त्यास ना सुई लागते, ना किरणांचा उपसर्ग होतो. पोटातील टोक योग्य जागी ठेवण्यास बारीक दुर्बिणीचे साह्य घेता येते. २०१९ साली ब्रिटन व आयर्लंडमधील सुमारे १,६०० रुग्णांवरील अभ्यासात असे दिसून आले की, साध्या नळीत जंतुदोष १०० पैकी ६ जणांस झाला, तर जंतुनाशक औषधाने भारलेल्या नळीत तो २ जणांसच झाला.

नळी महाग असेल, ही भीती आपणापैकी पुष्कळांस असते. उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे तयार होणारी छाब्रा शंट ही परदेशी नळीच्या मानाने फारच अल्प मोलाची आहे. आफ्रिकेतील युगांडा देशात बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन शल्यविशारदांनी १९५ बालकांत भारतीय व परदेशी नळीची तुलना करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: वर्षाअखेर दोहोंच्या फलात लक्षणीय भेद आढळला नाही. गरिबाच्या मुलास मिळणारी वस्तू हलकीच असावयाची, असा समज ह्यापुढे बाळगण्याचे कारण नाही.

मात्र नळी बसली म्हणजे सर्व झाले असे नव्हे, आणि हे मातापित्यांस आधीच सांगणे हा सत्यधर्म आहे. नळी तुंबते, सरकते, तिला जंतुदोष होतो. बालकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांची नळी पहिल्या वर्षातच दुरुस्त करावी लागते, आणि दोन वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. नळी असलेले मूल एकाएकी ओकाऱ्या करू लागले, ज्वर आला, ग्लानीत राहू लागले, डोके दुखते म्हणून रडू लागले, आकडी आली, किंवा नळीच्या वाटेवर लाली व सूज दिसली, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. कारण तुंबलेल्या नळीचे मूल काही तासांत दगावू शकते.

ह्या परावलंबनातून सुटण्यासाठी लेस्पिनास व मिक्स्टर यांची सोडून दिलेली वाट चांगल्या दुर्बिणी निघाल्यावर पुन्हा चालू झाली. तिसऱ्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडले की पाणी आपल्या आपण खाली उतरते व शरीरात परकी वस्तू राहत नाही. युगांडातील म्बाले या गावी, जेथे नळी तुंबली तर शंभर कोसांवरून परतणे आईस अशक्य, तेथे वॉर्फ यांनी ह्या छिद्राबरोबर द्रव पाझरविणारा भाग जाळण्याची क्रिया जोडली. एका वर्षाखालील बालकांत नुसत्या छिद्राने ४७ टक्के, तर दोन्ही क्रियांनी ६६ टक्के यश आले. पुढे टोरांटोच्या बालरुग्णालयातील डॉ. अभय कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावी १०० बालकांत नळी व दुर्बीण यांची तुलना केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षाअखेर बुद्धीच्या वाढीत दोहोंत लक्षणीय अंतर दिसले नाही. कोणत्या बालकास काय योग्य, हे वय, रोगाचे कारण व आधी नळी बसली होती की काय, यांवरून वैद्याने ठरवावयाचे असते. फार कोवळ्या वयात नुसत्या छिद्राचे यश कमी, हेही मातापित्यांनी जाणून असावे.

वाल्मीकींच्या बालकांडात गंगावतरणाची कथा आहे. शंकराने मस्तकी झेललेली गंगा जटेतच कोंडून राहिली, तेव्हा भगीरथाने पुन्हा तप केले. मग शिवांनी तिला बिंदुसराकडे सोडले व तिचे प्रवाह झाले. पाणी शिवाच्या मस्तकी शोभते. परंतु लोकांचे कल्याण झाले ते त्यास वाट मिळाल्यावर. ह्या गावातील शंकरलिंगाच्या प्राचीन मंदिरात अभिषेक करतानाही आपण पाहतो की, पिंडीवर पडलेले जल साचून राहत नाही; शाळुंकेच्या मुखातून ते बाहेर जाते. देवाच्या मस्तकावरील पाण्यालाही आपल्या पूर्वजांनी वाट ठेवली आहे. बालकाच्या मस्तकातील पाण्याला ती नाकारण्याचे कारण कोणते?

आता प्रत्यक्ष कर्तव्याचा विचार करू. नवजात बालकाच्या मस्तकाचा घेर सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याकाठी सुमारे २ सेंटिमीटर, पुढील तीन महिने सुमारे १ सेंटिमीटर व नंतरचे सहा महिने अर्धा सेंटिमीटर वाढतो. शिंप्याची साधी फीत भुवयांच्या वरून व मागील उंचवट्यावरून फिरविली की हे माप कळते. एका मापाने निर्णय होत नाही; महिन्याच्या महिन्यास टिपलेल्या मापांची ओळ पाहावी लागते. घेर ह्याहून वेगाने वाढू लागला, बालक शांत बसलेले असताही टाळू फुगीर व ताठ लागली, कपाळावरच्या शिरा उठून दिसू लागल्या, किंवा डोळ्यांची बुबुळे मावळत्या सूर्याप्रमाणे खाली झुकून वरचा पांढरा भाग दिसू लागला, तर विलंब न लावता वैद्याकडे जावे.

अमरगोळकरांस दूर जावे लागत नाही, ही ईश्वराची कृपा. १९५७ साली हुबळीत स्थापन झालेले व पुढे किम्स या नावाने सर्वपरिचित झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एका अंगास, आणि धारवाडच्या वाटेवर सत्तूर येथे २००३ साली निघालेले एस. डी. एम. वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या अंगास. मध्ये आपले गाव. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणी व पुढील उपचारांची तजवीज आहे; कण्याचा व मेंदूचा जन्मजात दोष त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीची सेविका व आशा ह्यांस विचारले तर वाट सापडते.

रोग होऊच नये यासाठीही काही करता येते. कण्याच्या दोषाचा उगम गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत होतो. म्हणजे पुष्कळदा आईस दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा मातांवर केलेल्या व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोलिक आम्लाने हा दोष ७२ टक्क्यांनी टळला. म्हणून नवविवाहितेने मूल होण्यापूर्वीपासूनच वैद्याच्या सल्ल्याने ही गोळी घ्यावी. तिसऱ्या महिन्यानंतर सुरू केलेली गोळी ह्या कामी येत नाही. तसेच जन्मताच टोचली जाणारी बीसीजीची लस क्षयाच्या आवरणदाहापासून बालकाचे बऱ्याच अंशी रक्षण करते.

यास्तव मठाच्या भक्तमंडळींनी ह्या उत्सवात चार साधे नियम स्वीकारावेत. मठात आशीर्वादास आणलेल्या पहिल्या वर्षाच्या बालकाचे मस्तक फितीने मोजून आईच्या हाती चिठ्ठी द्यावी. विवाहप्रसंगी वधूच्या ओटीत नारळाबरोबर फोलिक आम्लाविषयी दोन शब्द जावेत. मोठ्या मस्तकाच्या बालकास देव वा शाप म्हणून कोणी संबोधू नये. त्याच्या आईस घेऊन मठाचा एक माणूस रुग्णालयापर्यंत जावा. आणि ज्या बालकास नळी बसली आहे, त्याच्या घरी रात्रीअपरात्री वाहन लागले तर ते शेजाऱ्याने द्यावे.

शस्त्रक्रिया झालेले प्रत्येक मूल पंडित होईल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. काही मुले शाळेत इतरांबरोबर चालतील, काही मागे राहतील, काहींना आयुष्यभर आधार लागेल. त्या सर्वांस मठाच्या पंक्तीत सारखेच पान वाढले जाईल, एवढे आश्वासन मात्र आपण देऊ शकतो. आजीच्या हाताखालची टाळू, आईच्या मनातील भीती व वैद्याच्या हातातील शस्त्र यांमधील अंतर कमी करणे ही मोठी सेवा आहे. आणि ते अंतर कमी करण्यास मठाच्या पायरीहून अधिक योग्य जागा नाही.

श्रीगुरुकृपेने सर्व बालकांचे मंगल होवो.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥